गाईला रविवार नाही

पोळ्याच्या दिवशी बैलाला कुणी लाडका प्राणी म्हणून ओवाळत नाही. त्याने वर्षभर ओढलेल्या नांगराचा, कुळवाचा आणि गाडीचा तो मान असतो. हा फरक मुद्दाम सांगावा लागतो, कारण दिवाळी जवळ आली की शहरी कचेऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप वेगळ्याच जनावरांनी भरून जातात. नगरमधली एखादी बँक घ्या, नागापूरच्या एमआयडीसीतला एखादा कारखाना घ्या. कुणाच्या लॅब्राडॉरच्या गळ्यात झेंडूची माळ, कुणाची मांजर रांगोळीशेजारी बळेच बसवलेली, कुणी पामेरियनला नेहरू शर्ट शिवलेला. बाकीच्यांनी खाली बदाम टाकायचे आणि ‘किती गोड’ म्हणायचे. वर्षभर व्हाउचर आणि टार्गेट यापलीकडे न बोलणारी माणसे चार दिवस एकमेकांच्या कुत्र्यांची नावे लक्षात ठेवतात. मला त्यात नाक मुरडण्यासारखे काही दिसत नाही. पण सहकाऱ्यांनी मिळून जनावरांचा सण करायची या जिल्ह्याची जुनी रीत निराळी आहे. तिथे जनावर हाच सहकारी असतो. आणि माझे म्हणणे असे आहे की ज्या कामापोटी त्याला मान मिळायचा ते काम आता दुसऱ्याच जनावराच्या अंगावर पडले आहे. सण मात्र जुन्याच दावणीला राहिला.

(जिल्ह्याचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले. बाजाराला निघालेला माणूस अजून ‘नगरला चाललो’ असेच म्हणतो, तेव्हा मीही इथे तेच नाव वापरतो.)

श्रावणी अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. जू ज्या जागी बसते तिथली कातडी जाड आणि काळपट झालेली असते, कुठे केस गेलेले असतात, कुठे जुना घट्टा. त्या जागेवर हळद आणि तूप चोळतात, ऐपत नसेल तर तेल. चोळणारा हात बहुधा गड्याचा किंवा घरातल्या म्हाताऱ्याचा. बोटे घट्ट्याभोवती गोल फिरतात, बैल मान खाली घालून उभा राहतो आणि उद्याच्या जेवणाचे आवतण त्याच वेळी त्याला दिले जाते. सबंध सणात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. शिंगांना हिंगूळ आणि बेगड, टोकांना पितळी शेंब्या, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, नवी वेसण, नवा कासरा, हा सगळा थाट दुसऱ्या दिवशीचा, गावाने बघावा म्हणून केलेला. खांदेमळणी गोठ्यात होते. तिला बघणारा नसतो, आणि जिथे आपण त्याला वर्षभर दुखावले नेमक्या त्याच जागेवर ती होते.

दुसऱ्या दिवशी खांद्यावर जू ठेवायचे नाही. ओढ्यावर किंवा विहिरीवर अंघोळ, दुपारनंतर मानाचा बैल पुढे घालून वेशीतले तोरण, मारुतीचे दर्शन, घरी आल्यावर पायांवर पाणी, ओवाळणी आणि पुरणपोळी. पुणे जिल्ह्याला लागून असलेल्या पट्ट्यात हाच सण भाद्रपदात येतो, साताऱ्या-सांगलीकडे बेंदूर म्हणून तो पोळ्याच्या आधीच उरकलेला असतो. तपशील बदलतात, पण जू उतरवायचे हे कलम कुठेच बदलत नाही.

जुन्या काळाविषयी लिहिताना डोळे ओले करण्याची आपल्याकडे फार हौस आहे, म्हणून हेही सांगून टाकतो. ज्या हाताने खांदा मळला त्याच हातात उरलेले वर्षभर पराणी असायची आणि तिच्या टोकाला लोखंडी आर. वासरू असताना नाक टोचून वेसण घातली जायची, वृषण ठेचून त्याचा बैल केला जायचा. एका दिवसाच्या पुरणपोळीने हे फिटत नाही, आणि सण करणाऱ्यांनाही ते फिटले असे वाटत नसावे. नाहीतर घट्ट्यावर हळद लावायचे कारणच काय? पोळा हा एक अपुरा, पण उघड करार होता. मी तुझ्याकडून काम घेतो, म्हणून तुला वैरण, पाणी, एक सुट्टी आणि चारचौघांत मान देणे लागतो. लाडाला असला हिशेब लागत नाही. मानाला लागतो.

लाडाचेही एक मोठे उदाहरण या जिल्ह्यातच घडलेले आहे. 1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीला पकडून नगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवले. नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव, सगळे एका आवारात. मौलाना अबुल कलाम आझादांच्या खोलीत छताला चिमण्यांनी घरटी केली होती. आधी त्यांनी चिमण्यांशी युद्ध केले, हुसकावून पाहिले, मग हार मानली आणि तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली. हळूहळू चिमण्या हातावर येऊन बसू लागल्या. आझादांनी त्यांना नावे दिली, कुणी मोती, कुणी कलंदर, कुणी मुल्ला. ‘गुबार-ए-खातिर’ या 1946 मध्ये निघालेल्या पत्रसंग्रहात हा सगळा प्रकार बारकाव्यांसह आला आहे. उर्दू गद्यातली ती मोठी चीज मानली जाते आणि रास्तच मानली जाते. पण त्या प्रेमाची जात ओळखून ठेवायला हवी. चिमण्यांनी आझादांचे कसलेही काम केले नव्हते. कैद्याकडे वेळ होता, एकटेपणा होता आणि माया लावायला दुसरे कुणी जवळ नव्हते. आज फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणारी माणसे याच घराण्यातली. ते प्रेम खोटे नाही, उलट ते जास्त निर्मळ असते, कारण त्याला देणेघेणे चिकटलेले नसते.

किल्ल्याबाहेरच्या गोठ्यातली माया वेगळी. तिथे वेळ नसतो, आणि जे असते ते देण्याघेण्यातूनच उगवलेले असते. म्हणूनच तिला सणाची गरज पडते. जिथे देणे आहे तिथेच ते चारचौघांत कबूल करण्याचा दिवस लागतो.

आता हे देणे कुणाचे आहे ते पाहू.

अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात बैल अजून कामाचा आहे. भाताच्या चिखलणीला, उताराच्या लहान खाचरांत, ट्रॅक्टर उतरत नाही तिथे डांगी बैल उतरतो. अंगाला तेलकटपणा असल्यामुळे धो धो पावसात त्याला काही होत नाही, खूर काळे आणि टणक. राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते तेव्हा त्या बैलांकडे बघणाऱ्यांच्या नजरेत कौतुक असते आणि भाव ठरवण्याची घाईही असते. तिकडचा पोळा आणि तिकडचे काम यांची गाठ अजून सुटलेली नाही. पॉवर टिलर येतो आहे, पण तो वेगळा विषय.

दुसरा कामकरी बैल आहे ऊसतोडीचा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि पलीकडे बीड इथली हजारो जोडपी दिवाळीनंतर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, त्यातूनच बहुधा बैलजोडी घ्यायची आणि हंगामभर टायरगाडीवर ऊस लादून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत न्यायचा. बैलांना वैरण उसाच्या वाढ्यांची, तीही विकून चार पैसे येत असतील तर मोजून. हंगाम संपला की उचल फेडायला जोडी विकावी लागते, आणि पुढच्या वर्षी नवी उचल, नवी जोडी. या बैलाचा पोळा कधी येतो? श्रावणात, कारखाने बंद असताना, तो तसाही रिकामा उभा असतो तेव्हा. ज्या महिन्यांत जू उतरत नाही त्या महिन्यांत त्याला सण नाही. सुट्टी अशा दिवशी आली की ज्या दिवशी कामच नव्हते, तर तिला सुट्टी का म्हणायचे?

कायद्याने त्याच्यासाठी काही लिहून ठेवलेले आहे. ओझे ओढणाऱ्या जनावरांसाठी 1965 मध्ये केंद्राने नियम केले. दिवसभरात मिळून नऊ तासांहून जास्त काम घ्यायचे नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त जुंपायचे नाही, पारा 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन गाडीला लावायचे नाही. हे नियम कारखान्याच्या काट्यावर कुणी वाचून दाखवले तर गाडीवानाला हसू येईल. रांगेत गाडी लागली की नंबर येईपर्यंत बैल जुंपलेलेच असतात किंवा गाडीशेजारी बांधलेले. पण मला खटकते ते याच्या पुढचे. नऊ तासांचा नियम निदान कागदावर बैलाला आहे. त्याच्या पुढे पहाटे अंधारात फडात उतरणाऱ्या, मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरणाऱ्या आणि खोपीवर परत येऊन भाकरी थापणाऱ्या बाईला तासांची कुठली मर्यादा कुणी लावली आहे? जनावराच्या सुट्टीचा विचार करायला बसले की त्याच्याबरोबर काम करणारे माणूस आपोआप समोर येते. त्याला बाजूला सारून केलेला विचार फोटोपुरताच राहतो.

या दोन ठिकाणांखेरीज जिल्ह्यातला बैल हळूहळू निवृत्त झाला आहे. सपाटीच्या बागायती पट्ट्यात नांगरट, पेरणी, मळणी सगळे ट्रॅक्टरवर. पोळ्याला ट्रॅक्टरलाच फुगे आणि हार घालून गावातून फिरवतात. त्याची टिंगल करणाऱ्यांत मी नाही, दसऱ्याला आपण अवजारे पुजतोच. ज्यांच्या घरी बैल नाही ते कुंभाराकडून मातीची जोडी आणतात, किंवा गल्लीत एकाच घरी असलेल्या जोडीला सगळ्या बाया ओवाळून जातात. आणि जिथे बैल उरला आहे तिथे पुष्कळदा तो शर्यतीचा आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, 2017 मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, 2021 च्या डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने ती पक्की केली. तेव्हापासून घाटाघाटांतून भिर्रर्रचा आवाज पुन्हा घुमतो आहे. शर्यतीच्या खिलार बैलाला दूध पाजतात, अंडी चारतात, गादीसारखा बिछाना करतात, आणि शेतातले काम त्याला सांगत नाहीत. चांगल्या बैलाची किंमत लाखांत बोलली जाते. गंमत अशी झाली की इतकी वर्षे कामकरी असलेला बैल आता हौसेचा, लाडाचा प्राणी होऊ लागला आहे. नगरच्या फ्लॅटमधला लॅब्राडॉर आणि मळ्यातला शर्यतीचा बैल यांचे मालक एकमेकांना ओळखत नसतील, पण त्यांचे प्रेम एकाच जातीचे आहे.

मग राबते कोण? राबते गाय.

देशाची 2019 ची पशुगणना सांगते की 2012 च्या मानाने गोवर्गातल्या माद्या 18 टक्क्यांनी वाढून साडेचौदा कोटींवर गेल्या आणि नर 30 टक्क्यांनी घटून पावणेपाच कोटींच्या आसपास आले. नगर जिल्ह्यात हे समजायला गणनेची गरज नाही. संगमनेर, राहाता, राहुरी, कोपरगाव, कुठल्याही वाडीवर सकाळी सहाला उभे राहा. दुचाकीला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवलेली पोरे संकलन केंद्राकडे निघालेली दिसतील. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला बाएफ सुरू केली आणि विदेशी वळूंच्या वीर्यमात्रा गोठ्यापर्यंत पोचवायचे तंत्र खेड्यात रुजवले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली. उसाला पाणी पुरेना, कांद्याचा भाव सांगता येईना, तेव्हा दर दहा दिवसांनी हातात येणारा दुधाचा पगार हाच कित्येक घरांचा खरा आधार ठरला. मुलांची फी, सोसायटीचा हप्ता, किराणा हे सगळे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या गाईवर चालते.

तिला मान कधी? वसुबारसेला, असे उत्तर येईल, आणि ते खोटे नाही. आश्विन वद्य द्वादशीला संध्याकाळी गायवासराची पूजा होते, उपास करणाऱ्या बायका त्या दिवशी दूधतूप आणि गहू वर्ज्य करतात, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात. त्या दिवसाचे दूध वासराचे, असा त्यामागचा भाव. पण संकलन केंद्र वसुबारसेलाही उघडे असते. पूजा करणाऱ्या बाईने स्वतः दूध प्यायचे नाही आणि गाईचे दूध मात्र दोन्ही वेळा कॅनमध्ये भरून रवाना करायचे, अशी ही तडजोड आहे. मी तिला ढोंग म्हणणार नाही. वीस लिटर देणाऱ्या गाईचे दूध एक वेळ काढले नाही तर कास दगडासारखी होते, कासदाह होतो, चारातले एखादे सड कायमचे जाते. बैलाचे जू एक दिवस उतरवता येते. गाईची धार एक दिवस थांबवता येत नाही. पोळ्याचा करार जसाच्या तसा उचलून तिला लावता येत नाही, इथेच खरी अडचण आहे.

तिच्या कानात पिवळा बिल्ला असतो, बारा आकडी. लसीकरण, रेतन, विमा, अनुदान सगळे त्या आकड्यावर. बैलांना आपल्याकडे सर्जा-राजा, ढवळ्या-पवळ्या अशी नावे पिढ्यान्पिढ्या चालत आली. पाच गाईंच्या गोठ्यात गाईलाही गौरी, चांदणी असे नाव असते, हाक मारली की ती मान वळवते. चाळीस गाईंच्या गोठ्यात मालक बोलतो ते ‘सत्तावीस नंबर आटली’ असे. शेतीला धंदा म्हणून करायला शिका, हा उपदेश आपणच शेतकऱ्याला वर्षानुवर्षे केला, तेव्हा आता आकड्यांबद्दल तक्रार करायला तोंड नाही. पण शिर्डीच्या लेंडी बागेत श्यामसुंदर नावाच्या घोड्याची समाधी आहे आणि जुन्नरच्या आळे गावात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची. माणसांबरोबर चाललेल्या जनावराला नावानिशी जागा देणारा हा मुलूख आहे. दूध देणाऱ्या गाईची गोष्ट मात्र फॅट आणि डिग्री लिहिलेल्या पावतीवर संपते.

आणि तिचा सहकारी? बैलाचा सहकारी पुरुष होता, घरधनी किंवा सालगडी. म्हणून बैलाची सुट्टी ही पुरुषाचीही सुट्टी झाली. पोळ्याला नांगर बंद, म्हणजे नांगऱ्याही मोकळा. त्याने बैल सजवावेत, मिरवावेत, पारावर बसावे. पुरणपोळी लाटणारी मोकळी नव्हती, पण तो मुद्दा तेव्हा कुणी काढला नाही. आता जनावर बदलले तसे त्याच्या जोडीला राबणारे माणूसही बदलले. शेण काढणे, कुट्टी टाकणे, मुरघास ओढणे, कास धुणे, धार काढणे, वासराला बाटलीने पाजणे, यातला मोठा वाटा बाईकडे आहे. बिल तेवढे पुष्कळ घरांत पुरुषाच्या खात्यावर येते. तिचा दिवस पहाटे साडेचार-पाचला सुरू होतो आणि संध्याकाळच्या धारेशिवाय मिटत नाही. मधल्या वेळेत रान आहे, चूल आहे. तिला रविवार नाही, कारण गाईला रविवार नाही.

1 जून 2017 ला राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. रस्त्यावर ओतलेल्या दुधाची चित्रे देशभर दिसली. त्या चित्रांत न दिसलेली गोष्ट अशी की ते दूध कुणीतरी पहाटे उठून काढलेले होते. पुरुषांनी बाजार बंद केला, वाहतूक बंद केली. गोठ्यातल्या बाईला संपाच्या दिवशीही संप करता आला नाही. धार काढायचीच होती, फक्त ती या वेळी कॅनऐवजी डांबरावर जाणार होती.

दिवाळीत हे सर्वांत जास्त टोचते. भाऊबीजेला माहेरी जायचे तर सकाळची धार काढून निघायचे आणि संध्याकाळच्या धारेआधी परत यायचे. तीस किलोमीटरवरचे माहेर असेल तर जेवण, ओवाळणी, निरोप आणि परतीची एसटी. ‘राहा की आजची रात्र’ असे आई म्हणते आणि लेक म्हणते, ‘गाया आहेत’. याच दिवसांत शहरातल्या कचेरीत कुत्र्यांचे फोटो फिरत असतात, कारण तिथे चार दिवस सुट्टी आहे आणि प्राण्याला मांडीवर घेऊन बसायला सवड आहे. लाड करायलाही सुट्टी लागते. ज्या घरात जनावरांवर सगळे अवलंबून आहे त्या घरातल्या बाईला जनावराला नुसते कुरवाळायला वेळ मिळत नाही, यापेक्षा उलटा प्रकार कोणता?

या हिशेबात एक भागीदार पार अदृश्य आहे. संकरित गाईला झालेला गोऱ्हा. त्याला वशिंड जेमतेम, जू नीट बसत नाही, ऊन सोसत नाही, म्हणून तो औताला नको. वळू म्हणून हजारांत एखादा लागतो. 1976 च्या कायद्याने राज्यात गोहत्याबंदी होती, 2015 च्या मार्चमध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळून ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. तेव्हापासून या गोऱ्ह्याला बाजारात किंमत नाही आणि घरी जागा नाही. त्याने पिलेले प्रत्येक लिटर म्हणजे न भरलेला कॅन. मग त्याला पुरेसे पाजायचे नाही, तो आपोआप जातो. किंवा अंधारात दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून यायचे. यावर गावात कुणी मोठ्याने बोलत नाही, मोर्चे काढणारे तर मुळीच नाही. कायदा योग्य की अयोग्य हा वाद इथे बाजूला ठेवतो, पण गोऱ्हा जन्माला आल्यावर त्याचा खर्च कुणी उचलायचा हे न ठरवता केलेल्या गोरक्षणाचा भार वसुबारस करणाऱ्या त्याच बाईच्या माथी आला, एवढे खरे. कालवडच व्हावी अशा वर्गीकृत वीर्यमात्रा आता मिळतात, दहातल्या सुमारे नऊ वेळा कालवड होते. भावनेने सुटला नाही तो प्रश्न काही अंशी तंत्र सोडवील असे दिसते. मला त्याचा आनंद आहे, थोडी लाजही वाटते.

तर गाईचा पोळा कसा असावा? जू नाही तेव्हा ते उतरवता येत नाही, पण दावे सोडता येते. मुक्त संचार गोठा हा प्रकार नगर-पुण्याकडे गेल्या काही वर्षांत बराच पसरला. जाळीचे कुंपण, अर्ध्या भागाला सावली, अर्धे आवार मोकळे, पाण्याची टाकी मध्ये, गव्हाण एका बाजूला. गाय हवे तेव्हा उठते, हवे तेव्हा पाणी पिते, खांबाला अंग घासते. रोज शेण काढायचे काम कमी होते, कारण ते उन्हात वाळून तुडवले जाते. गुडघ्यांच्या जखमा कमी, माजावर आलेली गाय लवकर ओळखू येते. हे प्रदर्शनात मिरवण्याजोगे काही नाही, पण वर्षभर चोवीस तास चालणारी खांदेमळणी म्हणायला हरकत नाही. उन्हाळ्यात होल्स्टीनचे रक्त असलेल्या गाईला धाप लागते, तेव्हा पंखा आणि फॉगर लावणे हाही याच खात्यातला खर्च. एका पोळ्याला झुली, बाशिंगे, डीजे आणि फ्लेक्स यावर गाव मिळून जे पैसे जातात त्यांत एखाद्या गरीब घरचे कुंपण उभे राहील, असे मी एकदा चावडीवर बोललो. फ्लेक्सवर ज्यांचे फोटो होते त्यांना ते आवडले नाही.

राहिली तिच्या सहकारिणीची सुट्टी. फिनलंडमध्ये 1970 च्या दशकापासून यासाठी कायदाच आहे. जनावरे पाळणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाला 26 दिवसांची हक्काची रजा, आणि त्या दिवसांत गोठा सांभाळायला शिकलेला बदली माणूस घरी येतो, खर्च सरकार उचलते. देश श्रीमंत, वस्ती विरळ, त्याची नक्कल इथे होणार नाही. सरकारने करावे अशी मागणीही मी करत नाही, कारण ती एका निवेदनात विरून जाईल. पण ज्या जिल्ह्यात 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू करून दाखवले, त्या जिल्ह्याला चार गोठ्यांनी मिळून एक माणूस ठेवायचा कसा हे बाहेरून शिकवायला नको. दूध संघ दुधाच्या बिलातून नाना कारणांसाठी कपात करतातच. तशी एक छोटी कपात बदली धारवाल्यासाठी करता येईल. कृत्रिम रेतन करणारी पोरे मोटरसायकलवर गोठोगोठी फिरतात, त्यांना गाई ओळखीच्या आहेत. गावोगाव तशी दोन-चार पोरेपोरी तयार करायची. प्रत्येक गोठ्याला वर्षात दहा दिवस, त्यातले दोन दिवाळीत.

अडचणी मला माहीत आहेत. पहिली अशी की परक्या हाताला गाय पान्हा सोडत नाही. धार काढणारी बदलली की दूध चोरून धरते, लाथ मारते, दोन-तीन लिटरची घट दिसते. दुधाचे यंत्र बसलेल्या गोठ्यात ही अडचण बरीच कमी झाली आहे, कारण गाय यंत्राला सरावलेली असते. दुसरी अडचण पैशांची, आणि ती कपातीच्या आकड्यावर बसून भांडता येईल अशी आहे. तिसरी सासूबाईंची. ‘आम्ही कधी राहिलो होतो का माहेरी दोन-दोन दिवस?’ याला कुठल्या संघाकडे उत्तर नाही, ते ज्या त्या घराने द्यायचे. आणि चौथी अडचण सर्वांत रास्त आहे. बदलीवर येणाऱ्या मुलीलाही भाऊ असतो, तिनेच भाऊबीजेला दुसऱ्याच्या गोठ्यात का राहावे? त्यावर निदान तोडगा आपल्या चालीरीतीतच आहे. भाऊबीज त्याच दिवशी झाली पाहिजे असा हट्ट न धरता सवडीने आठ-पंधरा दिवस पुढे नेणारी घरे पुष्कळ आहेत, ऊसतोडीला निघणारी तर असतातच. संघाने गोठ्यांची पाळी लावली की तुळशीच्या लग्नापर्यंत गावातल्या बऱ्याच जणींचा माहेरचा मुक्काम होऊन जाईल.